दोन्ही टोकांना चिंधी

२००९ सालच्या डिसेंबरात, पुण्यात कोरेगाव पार्कातल्या एका क्लबमध्ये, रात्री साडेअकराच्या सुमाराला मी वाजत्या गाण्याची लीड उपटली.

समोर दोन-अडीचशे माणसं नाचत होती. एक डीजे संपवत होता, दुसरा सुरू करणार होता, आणि मी टॉर्च दातात धरून मिक्सरच्या मागे वाकलो होतो. डाव्या टर्नटेबलची जोडी काढायची होती, मी उजव्याची काढली. आवाज तुटला. कानांत दडे बसलेले असतात, त्यामुळे क्षणभर वाटतं की आपल्यालाच ऐकू येईनासं झालं. मग एसीची घरघर कानावर येते, बारपाशी कुणी ओरडून बोलत असतं त्याचं अर्धं वाक्य उघडं पडतं. नऊ-दहा सेकंद गेले असतील. संपवणाऱ्या डीजेनं माझ्या हातातली लीड घेतली, जागच्या जागी खोचली, आणि गाणं तुटलं होतं तिथून पुढे निघालं. दीड वाजता सगळं आवरल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "कुठली लीड कुठल्या डेकची, हे तुला कळतं कसं?"

"मागे जाऊन बघतो," मी म्हणालो.

"अंधारात?"

मी मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचा, आण्णांचा, मंडप आणि साउंडचा धंदा. आहुजाचा अॅम्प्लिफायर, चार कर्णे, ट्यूबलाइटी आणि दिव्यांच्या माळा यांवर आमचं घर चाललं. आमच्या भागात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, पुण्याकडे त्याच भिंतीला 'डीजे' म्हणतात. डीजे हा एक माणूस असतो, आणि तो काहीतरी बारकाईचं काम करतो, हे मला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमासाठी पुण्यात आल्यावर समजलं. शिकता शिकता क्लबात साउंडचा हेल्पर म्हणून लागलो आणि तिथंच राहिलो.

त्या काळात डीजे बदलणं हे खरोखर कष्टाचं काम होतं. सेराटो या सॉफ्टवेअरचा जमाना आला होता. टर्नटेबलवर एक खास रेकॉर्ड फिरायची, तिच्यात गाणं नसायचं, फक्त एक खुणेचा सूर असायचा. सुईनं उचललेला तो सूर एका छोट्या डब्यातून लॅपटॉपकडे जायचा, लॅपटॉप त्यावरून ओळखायचा की रेकॉर्ड किती वेगानं, पुढे की मागे फिरतेय, आणि खरं गाणं तसंच हलवायचा. गाणं त्याच डब्यातून बाहेर पडून मिक्सरला जायचं. म्हणजे टर्नटेबलकडून डब्यात दोन जोड्या, डब्याकडून मिक्सरमध्ये दोन जोड्या. प्रत्येक जोडीला एक लाल पिन, एक पांढरी. आठ पिना. आणि प्रत्येक डीजे आपला डबा, आपला लॅपटॉप घेऊन यायचा. एका रात्रीत तीन डीजे असले की आठ पिना दोनदा काढायच्या, दोनदा घालायच्या, आणि हे सगळं गाणं वाजत असताना. खुणेचा सूर तुटला की लॅपटॉपला वाटतं रेकॉर्ड थांबली, आणि तोही गाणं थांबवतो. माझ्या हातून झालं ते हेच.

त्या पहाटे खोलीवर पडून झोप लागेना, तेव्हा मला आण्णांच्या चिंध्या आठवल्या. मांडव घालताना ते प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी बांधत. जुनं लुगडं, परकर, शाळेचा फाटका गणवेश, घरातल्या कुठल्याही कापडाची. खांबावरची माळ विझली की ते बोर्डापाशी येत, हिरवी चिंधी शोधत, तीच वायर ओढत. लहानपणी मीच त्या चिंध्या फाडून द्यायचो. आणि पाच वर्षं क्लबात काम करून एका लीडला मी कधी खूण केली नव्हती. डिप्लोमा झाला होता, सर्किट वाचता येत होतं. मांडवातली गोष्ट इथं लागू पडेल असं मनातच आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मी रोडच्या बाजूला जाऊन रंगीत इन्सुलेशन टेप आणल्या. डाव्या डेकला लाल, उजव्याला पिवळी, सीडी प्लेअरांना निळी आणि हिरवी. दोन्ही टोकांना. मिक्सरच्या पुढच्या बाजूलाही, त्या त्या चॅनेलच्या फेडरखाली त्याच रंगाचा तुकडा. तेवढ्यानं अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम तारांचं नव्हतं. जाणारा डीजे शेवटचं गाणं कुठलं लावतो, यावर सगळी अदलाबदल उभी असते. त्यानं सात-आठ मिनिटांचं, एकसारख्या ठेक्याचं गाणं सीडी प्लेअरवर लावलं, तर दोन्ही टर्नटेबलं मोकळी होतात आणि मला पुरेसा वेळ मिळतो. त्यानं तीन मिनिटांचं, गाजलेलं, सगळे हात वर करतील असं गाणं टर्नटेबलवर लावलं, तर टाळ्या त्याला मिळतात आणि मागून येणारा तोंडघशी पडतो. त्यामुळे मी दर रात्री दार उघडायच्या आधीच प्रत्येकाला गाठून विचारायला लागलो: शेवटचं गाणं कशावर लावणार? किती मिनिटांचं? येणाऱ्याला अर्धा तास आधी कन्सोलपाशी बोलवायचो, पण त्याची बॅग टेबलावर ठेवू द्यायचो नाही, खाली माझ्यापाशी. लॅपटॉप तिथंच उघडायचा, गाणी दिसतायत का बघायचं, डब्याची यूएसबी घट्ट आहे का बघायचं, मग वर यायचं. काही जणांना हे आवडायचं नाही. मोठ्या नावाचे डीजे येत, सेट सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी, मित्रांच्या घोळक्यात. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, पण त्यांच्यासाठी एक लांब गाण्याची सीडी माझ्याजवळ तयार असायची, आणि जाणाऱ्याला मी हात जोडून ती लावायला सांगायचो. बहुतेकांनी लावली.

डिसेंबरात मी शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो, तेव्हा तो रमणबागेत व्हायचा. तिथं एक कलाकार उठतो, दुसरा बसतो, तानपुरे लागतात, तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो, माइकवाला वाकून माइक सरकवतो. लोक चहाला जातात, बटाटेवडा खातात, आधीच्या गाण्याबद्दल बोलतात. ती फट त्या मैफलीचाच भाग आहे. एक राग संपून दुसरा उभा राहायला मधे शांतता लागतेच. क्लबात ती फट चालत नाही, कारण नाचणाऱ्याचं अंग ठेक्याला जोडलेलं असतं. ठेका तुटला की माणसाला अचानक आपले हात, आपला घाम, आपला एकटेपणा जाणवतो. तो बारकडे जातो, आणि त्याला परत आणायला येणाऱ्या डीजेला अर्धा तास लागतो. ती फट बुजवण्यासाठी मी सगळं आयुष्य तिच्यात वाकून काढलं, आणि मला ते काम मोलाचं वाटतं.

तारा बरोबर असूनही आवाज न येण्याची कारणं मी नंतर शिकलो. सगळ्यात फसवा तो क्रॉसफेडर, एका चॅनेलवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी दांडी. हिप-हॉप वाजवणाऱ्याला तो लागतो, म्हणून असा डीजे एक चॅनेल डावीकडे आणि एक उजवीकडे लावून ठेवतो. पाठोपाठ येणारा टेक्नोवाला क्रॉसफेडरला हातच लावत नाही. तो आपला फेडर वर करतो, दिवे हिरवे-पिवळे नाचतात, हेडफोनमध्ये गाणं दणदणीत ऐकू येतं, आणि बाहेर काही नाही. अशा वेळी माणूस तारा हलवायला लागतो, आणि चांगल्या तारा बिघडवतो. म्हणून पहिल्या डीजेचा हात मिक्सरवरून निघाला की मी क्रमानं बघायचो: क्रॉसफेडर सगळ्यांना सोडलेला, बास-ट्रेबलची बटणं बाराच्या ठोक्यावर, इफेक्ट बंद, हेडफोनचा आवाज शून्य. शेवटची गोष्ट विसरू नये. जाणाऱ्याचे कान रात्रभर वाजवून बधिर झालेले असतात, तो हेडफोन पूर्ण वाढवून ठेवतो. येणाऱ्यानं तसाच कानाला लावला की कानात सळ घुसते. गाणं ज्या चॅनेलवर चालू आहे त्याला मात्र बोटही लावायचं नाही, तो जाणाऱ्याचा आहे, जाईपर्यंत.

खऱ्या रेकॉर्ड वाजवणारा एक डीजे वर्षातून दोनदा मुंबईहून यायचा. पन्नाशीचा, दोन जड पेट्या स्वतः उचलणारा. त्याची रात्र असली की मी संध्याकाळी पाचलाच जायचो. सेराटोचा डबा मधून निघाला की टर्नटेबलची तार मिक्सरच्या फोनो भोकात जायला हवी, लाइनच्या नाही. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो, तो फोनोचं सर्किट उलटा करून सरळ करतं. लाइनमध्ये घातला तर आवाज लांबच्या ट्रान्झिस्टरसारखा, किरटा. आणि उलट, सीडी प्लेअर चुकून फोनोत गेला तर स्पीकर फाटतील असा भडका. त्याची सुई त्याची स्वतःची असायची, म्हणून टोनआर्मचं वजन पुन्हा लावायचं, तीन-चार ग्रॅम. मग अर्थिंगची बारीक तार, टोकाला चिमट्यासारखी फुली असलेली, मिक्सरमागच्या स्क्रूखाली घट्ट. ती सुटली की पन्नास हर्ट्झची घूं सुरू होते, गाण्याच्या खाली, आणि गाणं हळू झालं की वर येते. टर्नटेबलं टेक्निक्सची होती, १२०० मालिकेतली. ही मालिका १९७२ पासूनची. २०१० मध्ये कंपनीनं ती बनवणं थांबवलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. मधल्या वर्षांत प्रत्येक पिन काढताना मी ती टर्नटेबलं जपली, कारण बदली कुठून आणणार हा प्रश्नच होता.

मग पेनड्राइव्ह आले आणि सगळ्यांना वाटलं, आता अदलाबदल म्हणजे खिशातून खिशात. बऱ्याच अंशी ते खरं आहे. पण चार प्लेअर नेटवर्कच्या केबलनं एकमेकांना जोडलेले असतात आणि एका प्लेअरमधल्या पेनड्राइव्हवरचं गाणं दुसऱ्यावर वाजू शकतं. जाणारा निघताना सवयीनं पहिल्या प्लेअरमधला आपला पेनड्राइव्ह ओढतो, आणि त्याचंच शेवटचं गाणं तिसऱ्या प्लेअरवर चार ठोक्यांत अडकून फिरत राहतं. यंत्र स्वतःला सावरायला तेवढं करतं; ते नसतं तर शांतता. मी आता पेनड्राइव्हलाही टेप लावायला सांगतो, आणि येणाऱ्याचं गाणं पूर्ण उभं राहीपर्यंत जाणाऱ्याला कन्सोलवरून हलू देत नाही. "दोन मिनिटं थांब, मग मिठ्या मार," असं त्याला सांगतो.

गोव्यात वागातोरला उघड्यावरची कामं केली तेव्हा वेळेची खरी किंमत कळली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद. पाच डीजे, प्रत्येक बदलाला पाच मिनिटं सांडली तर शेवटच्याची वीस मिनिटं गेली, आणि ती कुणी परत देत नाही. शेवटी बहुतेक वेळा एखादा नवखा किंवा एखादी नवखी असते, सूर्य बुडाल्यावरची वेळ मिळाली म्हणून महिनाभर तयारी केलेली. तिथले जुने लोक हणजुण्याच्या ऐंशीच्या दशकातल्या पार्ट्यांच्या आठवणी सांगत. उन्हानं रेकॉर्ड वाकतात म्हणून कॅसेट, पुढे डॅट, म्हणजे डिजिटल टेप. डॅटवर वेग बदलता येत नसे, म्हणून दोन गाणी ठेक्याला ठेका लावून जोडायची सोय नव्हती. एकाचं ठेका नसलेलं शेपूट दुसऱ्याच्या ठेका नसलेल्या तोंडात मिसळायचं. म्हणजे फट तिथंही बुजवतच होते, फक्त वेगळ्या कापडानं.

दोन वर्षांपूर्वी आण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्यात माझ्याकडे राहिले होते. एका दुपारी साउंडचेकला त्यांना बरोबर नेलं. रिकामा क्लब, दिवे लागलेले, फरशी पुसणं चाललेलं. ते कन्सोलपाशी उभे राहिले, एवढ्या यंत्रांकडे बघत. टर्नटेबलची लीड त्यांनी हातात घेतली, लाल टेपवरून अंगठा फिरवला.

"दुसरीकडं हाय का?"

"हाय की."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. नवीन चष्मा सावरत ते मिक्सरच्या मागे वाकले, माझी टॉर्च मागून घेतली, लीड धरून धरून शेवटापर्यंत गेले. लाल टेप सापडली. तिथंच त्यांनी पिन बोटांत धरून हलवली.

"ही ढिली झालीया रं. बदल."

दार उघडायला दीड तास होता. मी सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं.