काळा दगड, लाल रस्ता

गोवा म्हणजे बीच, बीअर आणि बाइक! कबूल. पण यंदा मडगावला आमच्या ग्रुपने बाइक समुद्राकडे पाठ करून दामटल्या. केपे मागे पडलं की लाल माती आणि हिरवी झाडी सुरू होते. टार्गेट होतं रिवणजवळचं पणसायमळ. कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेले बैल, हरणं आणि एक भलंमोठं चक्रव्यूहासारखं चित्र. जागा सॉलिड आहे!

खरा किस्सा घडला परतताना, चहाच्या टपरीवर. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काळा दगड मी उचलला. चांगलाच जड, आणि बोटंही काळी झाली. "मँगनीज," टपरीवाले काका म्हणाले. ते पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि काकांचा ट्रक उभा राहिला, तो कायमचाच.

आमच्यातल्या जिऑलॉजीवाल्या मैत्रिणीचे डोळे मात्र चमकले. "काका, हे तर घड्याळ आहे!"

झालं, लेक्चर सुरू. मँगनीजच्या काही खनिजांत पोटॅशियम असतं. त्यातला अगदी छोटा हिस्सा किरणोत्सारी. त्यातून फार सावकाश आरगॉन वायू तयार होतो. हा हिस्सा निम्मा व्हायलाच सव्वाशे कोटी वर्षं लागतात! वायू स्फटिकात अडकून राहतो. तो मोजला की खनिजाचं वय कळतं.

आता गंमत बघा. हे खनिज पावसापाण्याने खडक कुजून जमिनीच्या वरच्या थरातच तयार होतं. फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी २०१६ साली घाटावरच्या आणि घाटाखालच्या अशा खनिजांची वयं जाहीर केली. खालच्या सखल पट्ट्यातलं वय गेलं सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपर्यंत. म्हणजे खालची जमीन तेव्हाही खालीच होती आणि सह्याद्रीचा कडा तेव्हाच उभा होता!

काका दगडाकडे बघत राहिले. "आणि आम्ही दिवसभर नुसत्या खेपा मोजायचो," ते म्हणाले.

खरं सांगते, तो दगड सॅकमध्ये टाकायचा मोह झाला होता. पण गुपचूप कागदांवर ठेवून दिला.

कसं जाल? मडगावहून केपेमार्गे रिवण. पावसाळा संपल्यावर जा. आणि हो, दगड तिथेच राहू द्या!