हलक्या हाताचे ठोके

डेथ मेटलमध्ये बेस ड्रम ‘धम्म’ असा वाजत नाही, ‘टक्’ असा वाजतो. साधं रॉक ऐकत आलेल्या माणसाला हे आधी खटकतं. कुणी टाइपरायटर चालवतंय की काय, असं वाटतं. त्यामागचं कारण हिशेबाचं आहे. मिनिटाला २०० चा टेम्पो धरला आणि दोन्ही पायांनी एकेका मात्रेत ४ ठोके टाकले, तर सेकंदाला १३ हून अधिक ठोके पडतात. म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. बावीस इंची ड्रम मोकळा ठेवला तर त्याची घुमक याहून कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. पहिला ठोका विरायच्या आत पुढचे तीन-चार येऊन आदळतात आणि सगळ्यांचा मिळून एक गढूळ गुरगुराट होतो. म्हणून ड्रमच्या पोटात उशी नाहीतर ब्लँकेट कोंबायचं, बीटर कडक लावायचा आणि मिक्सिंगमध्ये घुमारा छाटून वरची टोकदार किनार बाहेर काढायची.

यापुढची पायरी ट्रिगरची. ड्रमच्या कड्यावर एक छोटा सेन्सर बसवतात. हेडला धक्का बसला की तो संकेत पाठवतो आणि आधी रेकॉर्ड करून ठेवलेला एक सुबक ठोका वाजतो. पाय थकून हलका पडला, तरी ऐकू येतो तो पूर्ण ताकदीचाच. याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही. दोन गिटारींच्या भिंतीमागून इतक्या वेगातला पाय ऐकू यायचा असेल तर हा रास्त उपाय आहे. वेळ तर वाजवणाऱ्यालाच सांभाळावी लागते, आणि पाय मागे पडला तर ट्रिगर तेही तितक्याच ठणठणीतपणे सांगतो.

माझी अडचण पायापाशी नाही, डाव्या हातापाशी सुरू होते. स्नेअरवरच्या ठसठशीत ठोक्यांच्या मधे, काठी जेमतेम इंचभर उचलून जे बारीक ठोके टाकतात त्यांना आम्ही घोस्ट नोट्स म्हणतो. श्रोत्याला ते वेगळे ऐकू येत नाहीत. पण काढून टाकले की चाल सपाट होते, गाणं पुढे जातं पण डुलत नाही. भरीव ठेका आणि नुसता मोजलेला ठेका यांतला फरक ज्याने तबल्यावर ऐकला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता हे रेकॉर्ड कसं करणार? स्नेअरच्या माइकमध्ये शेजारच्या सिम्बलचा आवाज शिरतोच. तो बाहेर ठेवण्यासाठी नॉइज गेट लावतात. ठरवलेल्या पातळीच्या वरचा आवाज आला तर दार उघडतं, एरवी बंद. जोरकस ठोका आत येतो. घोस्ट नोट मात्र सिम्बलच्या गळतीइतकीच बारीक, कधी त्याहूनही बारीक असते. गेट तिला सिम्बलबरोबर बाहेर हाकलतो.

प्रोग्रेसिव्ह डेथ मेटलची खरी कसोटी मला इथे लागलेली दिसते. डेथ मेटलला न थकणारा, एकसारखा मारा हवा असतो. प्रोग्रेसिव्ह अंगाला चढउतार हवे असतात, श्वास हवा असतो. गाणं रचताना दोन्ही गोष्टी सुखाने शेजारी बसतात, पण रेकॉर्डिंगला बसलं की दोघांना एकच माइक वाटून घ्यावा लागतो. गिगमध्ये हा प्रश्न गोंगाटात लपून जातो. तीन गाण्यांच्या डेमोतही लपतो, कारण बारा-तेरा मिनिटं कान सगळं सोसतो. पहिला पूर्ण अल्बम करायला घेतला की तो समोर येतोच. चाळीस मिनिटं एकाच पट्टीतला मारा ऐकला तर पंधराव्या मिनिटाला कान बधिर होतो, आणि नंतर कितीही अवघड वाजवा, ते पोचत नाही.

आमच्या बँडचा पहिला अल्बम आता येतो आहे. तो करताना मी सारखा एकाच रेकॉर्डकडे वळत राहिलो, फ्लोरिडातल्या सिनिक या बँडच्या ‘फोकस’कडे. तोही पहिलाच अल्बम, १९९३ चा. हा झगडा इतक्या धीटपणे कुणी मिटवलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

सिनिक १९८७ मध्ये मायामीत सुरू झाला. गिटारवरचा पॉल मास्विडाल आणि ड्रम्सवरचा शॉन राइनर्ट, दोघेही १९७१ चे. म्हणजे तेव्हा सोळा वर्षांची मुलं. १९८८ ते १९९१ या काळात त्यांनी चार डेमो काढले. १९९१ मध्येच ही दोघं चक शुल्डिनरच्या डेथ या बँडच्या ‘ह्यूमन’ अल्बमवर वाजली. राइनर्टचे त्यातले पाय पुढच्या पिढीच्या ड्रमरांनी अक्षरशः घोकले, मीही घोकले. म्हणजे वेग आणि मारा या माणसाच्या अंगात होता, हे आधीच सिद्ध झालेलं होतं. स्वतःच्या बँडचा अल्बम करताना त्याने तोच पणाला लावला असता तर कुणीही नाव ठेवलं नसतं.

त्याच वर्षी सिनिकने रोडरनर रेकॉर्ड्ससाठी तीन गाण्यांचा डेमो केला. अल्बम समोर दिसत होता. मग ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. दुसरा गिटारवादक जेसन गोबेल याचं घर आणि बँडची सरावाची जागा त्यात उद्ध्वस्त झाली. रेकॉर्डिंग लांबलं आणि त्या सक्तीच्या काळात नवी गाणी तयार झाली. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘फोकस’ बाहेर आला तेव्हा त्यात आठ गाणी होती, सगळी मिळून सुमारे ३६ मिनिटांची. स्टुडिओ टॅम्पाचा मॉरिसाउंड, निर्माता स्कॉट बर्न्स. फ्लोरिडाच्या डेथ मेटलचा ठरलेला आवाज ज्या खोलीत आणि ज्या हातांनी घडला, तिथेच हा वेगळा आवाजही घडला, याचं मला आजही नवल वाटतं.

१९९१ च्या डेमोतली दोन गाणी अल्बमवर आहेत, ‘युरोबोरिक फॉर्म्स’ आणि ‘द ईगल नेचर’. तिसरं, ‘प्लीडिंग फॉर प्रिझर्वेशन’, बाहेर राहिलं. सगळे डेमो २०१७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी एक काम देतो. ही दोन गाणी आधी डेमोवर ऐका, मग लगेच अल्बमवर. रिफ ओळखीचे आहेत, रचनाही बरीचशी तीच. पण डेमोवर ड्रम्स रिफला मागून ढकलतात. अल्बमवर ते रिफच्या आत हिंडतात. हाय-हॅट बोलू लागतो, राइड सिम्बल वाक्यं पुरी करतो. ब्लास्ट बीट, म्हणजे स्नेअर आणि बेस ड्रमचा अखंड भडिमार, अख्ख्या अल्बमवर जवळजवळ नाहीतच. फ्यूजन ऐकून घडलेला डावा हात तिथे मोकळा आहे आणि त्याचे हलके ठोके कानाला लागतात.

हे एकट्या ड्रमरच्या हातात नसतं. ‘फोकस’चा बेस ड्रम त्या काळच्या मानाने सडपातळ आहे, म्हणून खालच्या पट्टीत जागा उरते. तिथे शॉन मलोनचा फ्रेटलेस बेस आणि चॅपमन स्टिक येऊन बसतात. टोनी टीगार्डनच्या गुरगुराटाशेजारी मास्विडालचा व्होकोडरमधून आलेला धातूसारखा, तरीही मऊ आवाज ठेवला आहे. ‘टेक्स्चर्स’मध्ये तर शब्दच नाहीत. चौघा-पाचांनी आपापली थोडी जागा सोडली, तेव्हा कुठे स्नेअरच्या कुजबुजीला वाट मिळाली. आमच्या गिटारवादकांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी स्वतःचा आवाज वाढवून मागतोय. मी मागत होतो त्यांच्या गिटारीतला थोडा तळ.

पुढची हकिकत दुःखाची आहे. १९९४ मध्ये सिनिक कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडबरोबर दौऱ्यावर गेला; समोर जमलेल्यांतले बरेचसे सिनिकला ऐकायला आलेले नव्हते. त्याच वर्षी बँड फुटला. दुसरा अल्बम ‘ट्रेस्ड इन एअर’ यायला २००८ उजाडलं. राइनर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला आणि मलोन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे.

पहिल्या अल्बमचा दुसराही एक मार्ग आहे आणि तोही मला मनापासून आवडतो. स्वीडनच्या ओपेथने १९९५ च्या ‘ऑर्किड’मध्ये जवळ होतं ते सगळं ओतलं. तासाहून मोठा अल्बम, पहिलंच गाणं चौदा मिनिटांचं. त्यातला ‘सिल्हूएट’ हा तुकडा निव्वळ पियानोचा आहे आणि तो वाजवला आहे बँडचा ड्रमर अँडर्स नॉर्डिन याने. ड्रमरने पियानोवर बसावं आणि ते पहिल्याच अल्बमवर राहू द्यावं, या विश्वासाचा मला हेवा वाटतो. आमच्याकडे तेवढा ऐवज नव्हता. आम्ही गाळण्याच्या मार्गाने गेलो.

गाळायचं कशावरून ठरवलं, ते सांगतो. आमच्या एका गाण्यात गिटारचा ७ आघातांचा तुकडा तीनदा येतो आणि मग ११ चा एक. एकूण ३२. बेस ड्रम गिटारबरोबर चालतो. माझा उजवा हात मात्र राइडवर सरळ चार-चारची चाल धरून राहतो, आठ वेळा चार म्हणजे ३२, आणि पुढच्या आघातावर सगळे एकत्र उतरतात. स्वीडनच्याच मेशुगा या बँडने ही युक्ती जगभर नेली. सरावात आम्ही ती तोंडाने म्हणतो. तकिट तकधिमि, तकिट तकधिमि. बोल दक्षिणेकडचे आहेत, पण सातासाठी इतके सोयीचे दुसरे सापडले नाहीत.

लहानपणी तबला शिकलो, त्यामुळे सात मात्रा मला रूपकात पहिल्यांदा भेटल्या. तीन-दोन-दोन, आणि समेवरच खाली. पण रूपक कितीही फिरवून वाजवा, आवर्तन मोडत नाही. गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही घर कुठे आहे ते माहीत असतं. आमच्या संगीतात घर श्रोत्याला शोधावं लागतं. ते सापडलं तर तेहतिसाव्या आघातावर त्याची मान तिहाईनंतर समेला हलते तशी हलते. नाही सापडलं तर त्याच्या दृष्टीने आम्ही नुसते अडखळत असतो. आणि ते सापडतं कशावरून? राइडच्या चालीवरून, आणि त्या चालीखाली डाव्या हाताने पेरलेल्या घोस्ट नोट्सवरून. म्हणजे ज्या ठोक्यांना गेट कचरा समजून फेकून देतो, त्यांच्याच आधाराने ऐकणारा अवघड रिफमधून वाट काढतो. हे उमगल्यावर अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला मी एकच प्रश्न विचारला: इथे माझे हलके ठोके कुणाच्या उपयोगी आहेत? एका जुन्या, गिगमध्ये हमखास टाळ्या घेणाऱ्या गाण्यापाशी उत्तर आलं, कुणाच्याच नाही. त्यात नुसता मारा होता. ते आम्ही काढलं. त्यावरून बँडमध्ये वादही झाला आणि तो होणं योग्यच होतं. त्या गाण्यावर आमची पहिली काही वर्षं उभी होती.

रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्स सर्वांत आधी होतात. मुंबईत सराव भाड्याच्या जॅमरूममध्ये, तासाच्या हिशेबाने. ड्रमसेट तिथलाच; स्नेअर, सिम्बल आणि डबल पेडल आपलं, ते खांद्यावर टाकून लोकलने न्यायचं. स्टुडिओच्या दिवशीही मी माझाच स्नेअर नेला, कारण त्याच्यावर काठी किती उंचीवरून पडली तर किती बोलतो, हे हाताला पाठ आहे. कानात क्लिक, प्रत्येक गाण्याचा टेम्पोचा नकाशा आधीच आखलेला.

आणि मग संगणकाचा मोह. पडद्यावर प्रत्येक ठोका रेघेच्या किती अलीकडे-पलीकडे पडला ते दिसतं, आणि एका आज्ञेत सगळे रेघेवर ओढून बसवता येतात. आजच्या बऱ्याच डेथ मेटलमध्ये तसं करतात. पायांचं मी करू दिलं, सलग मारा असेल तिथे. डाव्या हाताला हात लावू दिला नाही. घोस्ट नोट रेघेच्या किंचित मागे पडते, आणि तिचं ते मागे पडणंच चालीला झोका देतं. अमेरिकेत डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनने २०१६ चा आपला पहिला अल्बम ‘स्टारस्पॉन’ अ‍ॅनालॉग टेपवर केला. टेपवर एकेक ठोका असा सरकवता येत नाही. जे वाजलं ते राहतं. आम्हाला टेप परवडणार नव्हती, म्हणून टेपचा नियम तेवढा डाव्या हातापुरता पाळला.

शेवटी मिक्सिंगमध्ये आम्ही प्रत्येक गाण्याचे तुकडे पाडले. मारा असेल तिथे गेट चालू, ट्रिगर चालू, बेस ड्रम टोकदार. सात-सात-सात-अकरा येतं तिथे स्नेअरचा गेट काढूनच टाकलेला आणि गिटारींचा तळ थोडा खाली. तिथे सिम्बलची गळती ऐकू येते, खोलीही ऐकू येते. मास्टरिंग करणाऱ्याने विचारलं, हे चुकून राहिलंय का. आम्ही कळवलं, मुद्दाम ठेवलंय, आणि त्याला तेवढाच भाग हेडफोनवर पुन्हा ऐकायला सांगितलं. त्याने तो तसाच ठेवला. आता मंचासाठी सराव चालला आहे. तिथे गेटची पातळी ठरवणं साउंडवाल्याच्या हाती असतं, म्हणून प्रत्येक गाण्यात गेट कुठे लावायचा आणि कुठे काढायचा याचा एक कागद मी त्याच्यासाठी तयार करतो आहे. पहिल्या चार गाण्यांचा झाला आहे.