फुफीचा हिस्सा

श्रीवर्धन तालुक्यातले आमचे घर दादांनी बांधले. दादा बोटीवर खलाशी होते. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब आणि तुळया रंगूनच्या सागाच्या, छपरावर मंगलोरी कौले. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, वर माळा आणि मागे परसात बाव. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. गडी छपरावर चढून फुटकी कौले बदलत आणि आम्ही मुले खालून एकेक कौल हातोहात देत असू. त्या दिवशी फुफी सासरहून हमखास यायची. सगळ्यांसाठी सांदणे करायची.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आमची अर्धी कौले उडाली. कोरोनामुळे मी पनवेललाच अडकले होते. धाकट्या भावाने ताडपत्री टाकून तो पावसाळा काढला. पुढच्या वर्षी तो म्हणाला, "आपा, हे पाडून स्लॅबचं घर बांधू या."

मी कडाडून विरोध केला. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होते. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो. जाड भिंती आणि उंच कौलारू छप्पर यांमुळे एप्रिलमध्येही माजघर गार राहते. सिमेंटच्या गिलाव्यात ओल कोंडते, चुन्यातून ती निघून जाते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले किनाऱ्या-किनाऱ्याने आपल्या गावांपर्यंत आली, हेही मी त्याला सांगितले.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आपा, तू वर्षातून दोनदा येतेस, ओटीवर बसून फोटो काढतेस. वाळवी कोण बघतं? शाकारणीला गडी मिळत नाहीत. रात्री छप्पर गळतं तेव्हा भांडी लावायला तुझी भावजय उठते."

मला उत्तर सुचेना. मोठेपणा घेऊन मी म्हणाले, "माझा हिस्सा मला नको. पण घर पाडू नका."

"हिस्से कोणाकोणाचे आहेत, ते तरी ठाऊक आहे का?" त्याने विचारले.

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला. घर अजून दादांच्याच नावावर होते. दादा आणि दादी दोघे गेल्यावर वारस राहिले अब्बा आणि फुफी. सूरह निसाने मुलाला दोन आणि मुलीला एक असा हिस्सा ठरवून दिला आहे. म्हणजे या घराचा तिसरा भाग फुफीचा होता. तो तिला कधी दिलाच गेला नाही. कोणी नाकारलाही नव्हता, विषयच निघाला नव्हता. ती यायची, राबायची आणि जाताना आंब्यांची एक पेटी घेऊन जायची. ती पेटी म्हणजेच तिचा हिस्सा, असे आम्ही सगळ्यांनी मनात धरले होते. २०१६ साली ती अल्लाहला प्यारी झाली.

शाळेत मी मुलांना अपूर्णांक शिकवते. एक तृतीयांश म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळले.

आम्ही बहीण-भाऊ फुफीच्या मुलांकडे गेलो. तिची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अम्मीच्या आजारपणात पैशांची फार ओढाताण झाली. आम्ही म्हणायचो, मामूंकडे तुझा हक्क माग. ती म्हणायची, मागितलं तर माहेर तुटेल." माझी मान वर झाली नाही. बहीण गप्प राहिली म्हणजे तिने हक्क सोडला, असे होत नाही. ज्या घराच्या नक्षीदार खांबांचे मी कौतुक करत होते, ते तिच्या न दिलेल्या हिश्श्यावरही उभे होते.

चार जाणत्यांना बसवून घराची किंमत ठरवली. फुफीच्या मुलांना त्यांची रक्कम दोन वर्षांत हप्त्यांनी दिली. त्यासाठी मी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. माझा हिस्सा मात्र मी सोडला नाही. हिस्सा ठेवला तर खर्च आणि मेहनतही माझ्या वाट्याला येते, आणि भावाचे म्हणणे तेच होते.

घर पूर्ण वाचले नाही. मागची बाजू वाळवीने पोखरली होती, ती उतरवली. तिथे भावजयीच्या पसंतीने स्लॅबचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधले. उतरवलेले चिरे आणि धड राहिलेले वासे पुढच्या दुरुस्तीत वापरले. पडवी, ओटी आणि माजघर तसेच आहेत. भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुना लावला.

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत अशी किती तरी घरे कुलपात आहेत. मालक आखातात किंवा मुंबईत, उतारा आजोबांच्या नावावर आणि बहिणींचे हिस्से अधांतरी. कोणी एकट्याने खर्च करायला धजत नाही आणि छप्पर बसत जाते. असे घर तुमचेही असेल तर गवंडी बोलावण्याआधी वारसांची यादी करा. मग दर मे महिन्यात चार दिवस काढा.

यंदाच्या शाकारणीला मी सुट्टी लागताच गेले. फुफीची मुलगीही आली होती. तिने सांदणे केली. निघताना भावाने तिच्या गाडीत आंब्यांची पेटी ठेवली. या वेळी त्या पेटीत फक्त आंबे होते.