कळ इथे, काम तिथे

बटण म्हटले की आमच्या घरी स्टार्टरचे हिरवे बटणच आठवते. ते दाबले की विहिरीवरची मोटार घुमू लागते आणि पाटाला पाणी येते. खरे पाहता ते एवढेसे बटण पाणी ओढीत नाही. ते पेटीतल्या कॉइलला फक्त इशारा देते. कॉइल संपर्क ओढून धरते, आणि मग मोटारीला वीज मिळते. थ्री-फेज लाइटच नसेल, तर बटण कितीही दाबा, मोटार आपली ढिम्म! आमचे अण्णा चौथीपुढे शिकले नाहीत, पण हे सारे त्यांना पाठ आहे. मोटार चालू झाली नाही, तर ते स्वतःला बोल लावीत नाहीत. आधी फेजचे दिवे पाहतात, मग फ्यूज, मग डीपी.

तेच अण्णा गेल्या वर्षी माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जापुढे मात्र हतबल झाले. ‘अर्ज सादर करा’ हे बटण दाबले, चक्र फिरत राहिले, आणि शेवटी पांढऱ्या पानावर ५०० हा आकडा व इंग्रजीची एक ओळ उमटली. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली नि म्हणाले, “आपलंच काही चुकलं असंल.” तीन दिवस रोजगार बुडवून आम्ही तालुक्याला खेपा घातल्या.

यंदा मी महाविद्यालयातल्या संगणकाच्या प्रमाणपत्र वर्गाला नाव घातले. तिथे पीएचपी ही भाषा शिकवतात. रास्मुस लेर्डोर्फ यांनी ती १९९५ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यातली आज्ञावली धावते ती दूरच्या सर्व्हरवर. पान आपल्या पडद्यावर येते, तेव्हा तिचे काम आटोपलेले असते. आपल्या हाती पडतो तो तयार कागद. म्हणून पानावरचे बटण त्या आज्ञावलीला थेट हात लावू शकत नाही. ब्राउझर फक्त एक नवे पत्र धाडतो. त्यावर पत्ता असतो, ‘गेट’ की ‘पोस्ट’ ही पद्धत असते, आणि आत आपण भरलेला मजकूर. सर्व्हर ते पत्र उघडतो, आज्ञावली चालवतो आणि उत्तर पाठवतो. अशा पत्रावरून सर्व्हरने आज्ञावली कशी चालवावी, याचा ‘सीजीआय’ नावाचा संकेत १९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात ठरला. आता जावास्क्रिप्टमुळे पान न बदलताही पत्र जाते. पण ते धाडावे लागतेच.

उत्तरासोबत तीन आकडी खूण येते. २०० म्हणजे काम झाले. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूने काही चुकले. आणि पाचशेच्या घरातला? तो सर्व्हरचा कबुलीजबाब! ‘माझ्याकडे बिघाड आहे,’ असे तो स्वतःच सांगत असतो.

फळ्यावर सरांनी हे लिहिले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अण्णांच्या हातातली ती टोपी आली. सुटीत घरी गेल्यावर मी त्यांना सारे समजावून सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे लाइट तिकडंच नव्हती म्हणा की!” एवढ्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

मित्रहो, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांनी खिडकीपुढे उभे राहून स्वतःलाच दोष दिला. खिडकीच्या जागी पडदा आला, तरी ती सवय काही जात नाही. मला वाटते, दोष नेमका कुठे आहे हे ओळखता येणे, हेही शिक्षणच आहे.

आणि ज्याच्या हाती आज्ञावली लिहिणे आले, त्याच्यावर तर दुहेरी जबाबदारी. उत्तर आले नाही, तरी पत्र पोचून काम झालेले असू शकते. घाबरलेला माणूस बटण पुन्हा दाबणारच. तेव्हा प्रत्येक अर्जाला क्रमांक देऊन जुळी पत्रे ओळखणे, हे लिहिणाऱ्याचे काम आहे.

सध्या मी वसतिगृहातल्या पुस्तकांच्या नोंदीचे एक पान तयार करीत आहे. बटणाखालची आज्ञावली अजून धडपडते. पण ती पडली तर पडद्यावर काय उमटावे, ते मी सर्वांत आधी लिहून ठेवले आहे : ‘बिघाड आमच्याकडे आहे. तुमचे काही चुकलेले नाही.’