‘वाचता येते का?’ या रकान्याविषयी

मराठीच्या प्राध्यापकांना गावात सहसा दोन कामांसाठी बोलावले जाते. एक म्हणजे वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षण आणि दुसरे लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासणे. त्यामुळे 2024 च्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्हां दोघींना साक्षरतेच्या सर्वेक्षणाला जायला सांगण्यात आले, तेव्हा हे खरे तर आपलेच काम आहे असे आम्हांला मनापासून वाटले. अक्षराशी ज्यांचा उभा जन्म जोडलेला, त्यांनी अक्षर नसलेल्यांच्या दारात जावे, यापेक्षा उचित ते काय!

कार्यक्रम केंद्र शासनाचा होता: ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’. 2022 ते 2027 असा त्याचा कालावधी. 15 वर्षांवरील असाक्षर शोधायचे, त्यांची नोंद करायची, स्वयंसेवकांनी त्यांना शिकवायचे आणि मग वाचन, लेखन व संख्याज्ञान अशा तीन भागांची, प्रत्येकी 50 म्हणजे एकूण 150 गुणांची चाचणी घ्यायची, अशी त्याची रचना. या चाचणीत कोणी नापास होत नाही. कमी पडणाऱ्याच्या नावापुढे ‘सुधारणा आवश्यक’ असे लिहिले जाते. ही शब्दयोजना आम्हांला फार आवडली होती. ‘निरक्षर’ हा जुना शब्द जाऊन त्याच्या जागी ‘असाक्षर’ आला आहे, हेही आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने समजावून सांगितले. पहिल्याच गल्लीत एका बाईंनी आमचे प्रपत्र पाहून म्हटले, “लिवा की, अडाणी म्हनून.” ज्यांच्यासाठी शब्दांची एवढी निवडानिवड झाली, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

सर्वेक्षण म्हणजे काय, हे आम्हांला दुसऱ्या दिवसापासून कळू लागले. ‘घरात कोणी असाक्षर आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातला कर्ता मुलगा देतो आणि ते बहुधा ‘नाही’ असे असते. आत चुलीपाशी बसलेली त्याची आई ते ऐकत असते. मुलगा खोटे बोलतो असे म्हणवत नाही. परक्यांपुढे आईची झाकली मूठ तो झाकलेलीच ठेवतो, इतकेच. एका काकांच्या हाती आम्ही चार ओळींचा मजकूर दिला. त्यांनी कागद लांब धरला, जवळ घेतला आणि म्हणाले, “चष्मा पोरानं न्हेलाय तालुक्याला.” पुढच्या तीन दिवसांत अशाच चष्म्यांच्या बऱ्याच कहाण्या आम्ही ऐकल्या. कोणाचा फुटला होता, कोणाचा बहिणीकडे राहिला होता. चाळिशी आम्हांलाही लागली आहे, पण ती अशा कामी येते हे ठाऊक नव्हते.

या देशात साक्षर कोणाला म्हणायचे याची व्याख्या साधी आहे. जनगणनेनुसार सात वर्षे वा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. या व्याख्येतला सगळा भार ‘समजून’ या एका शब्दावर आहे आणि नेमकी त्याचीच परीक्षा गणक घेत नाही. तो विचारतो, घरचे सांगतात, तो लिहितो. 2011 च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे 73 टक्के आणि महाराष्ट्राची 82 टक्क्यांच्या वर निघाली, ती अशा सांगण्यातूनच. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात 16 ते 65 वयाच्या माणसांना रोजच्या व्यवहारातले मजकूर आणि आकडे प्रत्यक्ष सोडवायला देतात आणि 0 ते 500 अशा पट्टीवर त्यांची पायरी ठरवतात. तिथे साक्षर आणि निरक्षर यांच्यामध्ये एकच एक रेघ नसते. आमच्या प्रपत्रात मात्र एकच रकाना होता आणि त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच शब्द मावत होता.

त्या रकान्यापाशी आम्ही अडलो ते एका आजींच्या घरी. वय सत्तरीच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा त्या ओसरीवर शिवलीलामृताची पोथी उघडून बसल्या होत्या. ओळीखालून बोट सरकत होते आणि ओवी खणखणीत उमटत होती. अकरावा अध्याय चालला होता. आम्ही ‘होय’ लिहायला घेतले. तेवढ्यात आमचा एक विद्यार्थी, पोरगा प्रामाणिक आणि म्हणूनच निष्ठुर, पोथीत डोकावून म्हणाला, “मॅडम, पान तर चौथ्या अध्यायाचं आहे.”

शेजारी बसलेला आजींचा नातू फिस्सकन हसला. सून दारातून आत वळली. आणि आम्ही काय केले? आम्ही तिथेच थांबायला हवे होते. पण अचूकतेचा आमचा व्यावसायिक रोग उफाळून आला. आम्ही पिशवीतून चाचणीचा कागद काढला आणि म्हटले, “आजी, हे जरा वाचून दाखवता का?” आजींनी कागद हातात घेतला नाही. पोथी मिटली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, “न्हाई येत, बाई. आईचं ऐकून पाठ हाय सगळं. लिवा न्हाई म्हनून.” आम्ही ‘नाही’ लिहिले. नोंद बिनचूक झाली.

एवढे होऊनही आजींनी चहा केल्याशिवाय सोडले नाही. बोलता बोलता बचत गटाचा विषय निघाला. पाच हजारांचे कर्ज दोन रुपये शेकडा दराने घेतले, दर महिन्याला पाचशे मुद्दल फेडायचे, तर एकूण व्याज किती, असे आम्ही विचारले. परीक्षा घेण्याची खोड अजून गेली नव्हती. आजी म्हणाल्या, “पैल्या म्हैन्याला शंभर, मग नव्वद, मग ऐंशी. धा म्हैन्यांत साडेपाचशे.” आम्हांला हे कागदावर मांडून पाहावे लागले. उत्तर बरोबर होते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालाने 2017 मध्ये 28 जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची अशीच व्यावहारिक तपासणी केली होती. त्यात पैसे बरोबर मोजणारे 76 टक्के, वजनांची बेरीज बरोबर करणारे 56 टक्के आणि भागाकार जमणारे सुमारे 43 टक्के निघाले. ही सारी बहुतांशी शाळा पाहिलेली पिढी. आमच्या आजी त्यांच्या पुढे होत्या. संख्याज्ञानात पुढे आणि आमच्या कागदावर ‘नाही’.

इथवर आल्यावर आमच्यासारख्यांना एक मोह होतो. मौखिक परंपरेचे गोडवे गावेत, अठराव्या शतकातल्या श्रीधराने ओव्या लिहिल्या त्या वाचकांइतक्याच श्रोत्यांसाठी हे सांगावे आणि आजी याच खऱ्या साहित्यरसिक, असा समारोप करावा. वर्गात आम्ही हे अनेकदा केले आहे. पण आजींनीच तो मोह मोडून काढला. त्यांचे वडील गेल्यावर भावांनी एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. वारसनोंदीचा कागद असे सांगितले होते; तो होता हक्कसोडीचा. माहेरच्या जमिनीतला त्यांचा वाटा त्या अंगठ्यासरशी गेला. “पोथी पाठ हुती,” त्या म्हणाल्या, “त्यो कागुद पाठ न्हवता.”

प्रौढांनी वाचायला का शिकावे, याविषयी आम्ही पुष्कळ वाचले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली आणि त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले, हा तपशील आम्ही दर वर्षी पाठ्यक्रमात शिकवतो. त्या नाटकातले शेतकरी जोडपे भटजीच्या शब्दावर विसंबून नागवले जाते आणि शेवटी रात्रशाळेत शिकायला निघते. तो दुवा आम्ही परीक्षेत पाच गुणांना विचारतो. त्याचा अर्थ आम्हांला त्या ओसरीवर, थंड होत चाललेल्या चहापुढे कळला.

परतताना एसटीत आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. मग एकीने जे म्हटले ते दोघींच्याही मनात होते. चौथ्या अध्यायाचे पान उघडून अकरावा म्हणणारी माणसे आम्ही दर वर्षी एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत पाहतो. कादंबरी न उघडता तिचे ‘आशयसूत्र’ गाइडातून पाठ करून लिहिलेले असते आणि आम्ही त्याला साठ टक्के देतो. तिथे आम्ही पिशवीतून दुसरा कागद काढत नाही. आणि थोडे खरे बोलायचे, तर दहा वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून तास घेताना आमचेही बोट नेमक्या कोणत्या पानावर असते? आजींनी निदान विचारल्याबरोबर ‘येत नाही’ असे सांगितले होते.

17 मार्च 2024 रोजी राज्यात चाचणी झाली. नोंद झालेल्यांपैकी काही जण डोक्याला नवा रुमाल बांधून, काही नातवंडांचा हात धरून आले. आजी आल्या नाहीत. त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीने सांगितले की त्या दिवसापासून आजी ओसरीवर पोथी घेऊन बसत नाहीत. आत देवघरात, दार लोटून, पोथीशिवाय म्हणतात.

पुढे ऑगस्ट 2024 मध्ये शिक्षण मंत्रालयाने साक्षरतेच्या व्याख्येत समजून वाचन, लेखन व गणनाबरोबर डिजिटल आणि आर्थिक साक्षरतेसारखी जीवनकौशल्येही धरली आणि 95 टक्क्यांना पूर्ण साक्षरता मानावे असे ठरवले. 30 मे 2025 रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले. या बातम्या आम्ही आनंदानेच वाचल्या. पण 95 हा आकडा पाहिला की उरलेल्या पाचांकडे लक्ष जाते. त्यांच्या दारात कोण गेले असेल, कोणासमोर कागद पुढे केला असेल, नातू तेव्हा कुठे बसला असेल?

मोजणी नको, असे आम्ही म्हणणार नाही. जे मोजले जात नाही त्याला निधीही मिळत नाही आणि शिक्षकही. पण पुढच्या वेळी जाऊ तेव्हा आधी घरातली गर्दी पांगू देऊ, चहा होऊ देऊ आणि मग विचारू, “आजी, कुठला कागद वाचता आला असता तर बरं झालं असतं?” प्रपत्रात या उत्तराला रकाना नाही. समासात लिहू.

गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. शिकवण्याचा विषय काढायला धीर झाला नाही. निघताना आजींनीच कोनाड्यातून एक पिवळा पडलेला सातबारा काढून पुढे केला आणि बोट ठेवून विचारले, “ह्यात माझं नाव कुठं हुतं, तेवढं दावा.”