नळीतला गाळ

सीटचा दांडा खेचून काढला, सायकल उलटी केली, तर नळीतून मूठभर वाळका गाळ फरशीवर पडला. राखाडी, बोटांत चुरला की पिठासारखा. डोंबिवली पश्चिमेतल्या एका जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली बसलेल्या त्या गृहस्थाला सायकलीचं साल शोधायचं होतं. आधी हाती लागली ती भलतीच तारीख: २६ जुलै २००५.

निमित्त मुलीचं. लाल हर्क्युलिस एमटीबी भंगारवाल्याला द्यायची ठरली, तशी ती म्हणाली, "बाबा, थांबा. व्हिंटेज आहे. साल आणि मॉडेल सांगता आलं तर घेणारे मिळतात." बाबांनी छातीठोकपणे १९९१ सांगितलं. दहावीचं वर्ष, विसरेल कसं? आतून आजीचा आवाज आला, "काहीतरीच काय! किल्लारीचा भूकंप झाला ना, त्या दसऱ्याला आली." म्हणजे १९९३. मायलेकांत दोन वर्षांचा फरक पडला आणि कुणीच मागे हटेना.

जगात इतरत्र हे काम तुलनेनं सोपं आहे. ठाण्याच्या एका मित्राकडे भावानं अमेरिकेहून आणलेली जुनी माउंटन बाइक आहे. रविवारी तो उपवनाकडून येऊरचा चढ तिच्यावर चढतो. त्यानं क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेली दोन अक्षरं दाखवली: एन आणि जी. गीअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या त्या काळच्या रिवाजात पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत आलं की एन म्हणजे १९८९ आणि जी म्हणजे जुलै. अक्षरं संपल्यावर २००२ पासून पुन्हा ए. अर्थात ही तारीख क्रँकची, सायकलीची नव्हे. क्रँक बदलला असेल तर सगळंच मुसळ केरात. म्हणून डिरेलर, हब, ब्रेक असे चार-पाच भाग तपासायचे आणि त्यांचं एकमत होतंय का ते पाहायचं.

हर्क्युलिसला गीअरच नव्हता, तर शिमानो कुठून येणार?

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक; ती जन्मली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. सत्तरच्या दशकात तिथली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. रिपॅक नावाच्या उतारावर १९७६ मध्ये शर्यती सुरू झाल्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि हा प्रकार कारखान्यातून घाऊक निघू लागला. हर्क्युलिस हे नाव त्याहून कितीतरी जुनं, १९१० चं, बर्मिंगहॅमचं; भारतात ते चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या टीआय सायकल्सकडे आलं. ही कंपनी १९४९ ची. आपल्याकडच्या एमटीबीनं त्या कॅलिफोर्नियाच्या सायकलीचं सरळ हँडल आणि जाड टायर घेतले. डोंगर म्हणाल तर कोपर पुलाचा चढ. तोही उभं राहून पायडल मारल्याशिवाय चढत नसे.

तरी फ्रेमवरचा नंबर शोधायचाच म्हणून त्या गृहस्थानं रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं बीबीखालची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) मळी काढली. अर्ध्या तासानं आकडे दिसले, एक त्यातला अर्धवट. त्यावरून साल काढून देणारा तक्ता मात्र त्याला कुठेच मिळाला नाही. मग सायकल ढकलत तो नाक्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेला.

"काका, साल सांगाल?"

काकांनी मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला. "चाकं नंतरची. फ्रीव्हील नंतरचं. बीबीच्या वाट्या बदलल्यात. पाण्यात होती ना?" होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी खाडीचं पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत चढलं होतं आणि सायकल दीड दिवस बुडालेली होती. पुढे ओव्हरहॉलिंग (सायकलवाले ज्याला ओव्हरऑयलिंग म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं) करून ती उभी राहिली. काकांनी मागच्या मडगार्डवर अंगठा घासला. "हे मूळचं. हे बघा."

दुकानाचा स्टिकर. नाव पुसलेलं, पण पिनकोड ४२१२०१, म्हणजे डोंबिवली पूर्व. पुढे ०२५१ आणि सहा आकडी फोन नंबर. आता कल्याण-डोंबिवलीचे नंबर सात आकडी आहेत. आधी सहाच आकडे होते, नंतर सुरुवातीला दोनाचा आकडा जोडला गेला. सायकल त्याआधीची, एवढं ठरलं. १९९१ की १९९३, ते काही ठरलं नाही.

ते ठरवलं आजीच्या जमाखर्चाच्या वहीनं. ऑक्टोबर १९९३ च्या पानावर वरच्या ओळीत 'भूकंप निधी', खाली 'झेंडू, आपट्याची पानं' आणि त्याखाली 'सायकल, पहिला हप्ता'. वडिलांनी सायकल कबूल केली होती १९९१ मध्ये, दहावीच्या निकालाच्या दिवशी. मधली दोन वर्षं हा पोरगा तासाच्या भाड्याची सायकल चालवत होता. ती दोन वर्षं डोक्यातून पुसली गेली आणि कबुलीचं साल खरेदीचं म्हणून बसलं.

मुलीनं जाहिरातीत लिहिलं: हर्क्युलिस एमटीबी, फ्रेम आणि मागचं मडगार्ड १९९३ चं, चाकं, फ्रीव्हील आणि बीबी २००५ नंतरची. गाळाचा उल्लेख नको म्हणाली, गिऱ्हाईक बिचकेल.

तुमच्याकडे जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल, तर धुण्याआधी मडगार्डवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. रॉकेलनं तो सर्वांत आधी जातो.