पाण्यासाठी जागा

चिरंजीवांची थार आडवाटेच्या तीर्थयात्रेस उत्तम. परंतु खडकाळ रस्त्यावर पाण्याची बाटली स्थिर राहत नसे. माझ्या पत्नीस उकळलेल्या प्रासुक पाण्याचाच नियम आहे आणि सूर्यास्तानंतर तेही वर्ज्य. बाटली लवंडली की दिवसभर तहान सोसावी लागे. म्हणून ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, तळाशी झाकण बसवले, आत जुन्या ट्यूबचे रबर चिकटवले आणि गिअर व हँडब्रेक यांना अडथळा होणार नाही अशा ठिकाणी दोन पट्ट्यांनी तो घट्ट आवळला. आता पाणी सांडत नाही. वस्तू जपून उचलावी, जपून ठेवावी, हे मुनींच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती सांगते. प्रवासात श्रावकासही तिचा अंश पाळता येतो.